डील-टू: पुलापासून चिखलापर्यंतचं गणित मांडणारी मोफत लायब्ररी काय आहे, आणि तिच्यात नवं काय आलं?

शिवडीहून निघालेला अटल सेतू खाडी ओलांडतो, उलव्याजवळ जमिनीवर येतो आणि जासईजवळून पुढे चिर्ल्याला संपतो. एकूण लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले साधारण १६.५ किलोमीटर समुद्रावर. १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. उरण तालुक्यातलं जासई महाराष्ट्राला माहीत आहे ते दि. बा. पाटील यांचं गाव आणि १९८४ च्या शेतकरी आंदोलनाचं ठिकाण म्हणून. आज याच भागात बंदराकडे जाणारे कंटेनर, रेल्वे, भराव आणि पूल एकमेकांना खेटून उभे आहेत.

यातली कोणतीही मोठी गोष्ट उभी करण्याआधी ती कॉम्प्युटरवर उभी करून पाहतात. ट्रक गेल्यावर पोलाद किती वाकेल, भरावाखालची माती किती वर्षं खचत राहील, वाऱ्याने पूल हलेल का, हे सगळं आधी आकड्यांत मांडलं जातं. त्यामागच्या पद्धतीचं नाव फायनाइट एलिमेंट मेथड. ही पद्धत वापरून स्वतःचा प्रोग्रॅम लिहिण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक मोफत लायब्ररी म्हणजे डील-टू.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करूया. अटल सेतूचं डिझाइन डील-टूवर झालं, असं हा लेख म्हणत नाही. मोठ्या बांधकाम कंपन्या अशा कामाला सहसा विकत घेतलेली तयार सॉफ्टवेअर वापरतात. पण आतलं गणित त्याच घराण्यातलं असतं. डील-टूचा फायदा असा की ते गणित कुणालाही उघडून पाहता येतं.

फायनाइट एलिमेंट म्हणजे काय?

जमिनीची मोजणी डोळ्यांसमोर आणा. शेताचा बांध कधी सरळ नसतो. वेड्यावाकड्या तुकड्याचं क्षेत्रफळ काढायचं एकच सूत्र नाही. म्हणून साखळी टाकून मोजणारा माणूस शेत त्रिकोणांत तोडायचा. त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढता येतं. सगळ्या त्रिकोणांची बेरीज केली की शेताचे गुंठे मिळतात. बांध जिथे जास्त वळतो तिथे लहान त्रिकोण घ्यावे लागतात. सरळ बाजूला एक मोठा त्रिकोण पुरतो.

फायनाइट एलिमेंटमध्येही हेच होतं, फक्त शेताऐवजी पूल, विमानाचा पंख किंवा माणसाचं हृदय असतं. संपूर्ण पुलाला लागू होईल असं एक सूत्र नाही. म्हणून पुलाचे हजारो, लाखो लहान तुकडे पाडतात. हा तुकडा म्हणजे एलिमेंट. सगळ्या तुकड्यांची मिळून होते ती जाळी, म्हणजे मेश. एका तुकड्यात काय होतं ते सोप्या सूत्रात मांडता येतं. शेजारचे तुकडे एकमेकांपासून सुटायचे नाहीत, ही अट घातली की लाखो समीकरणं तयार होतात. कॉम्प्युटर ती एकत्र सोडवतो आणि प्रत्येक ठिकाणी किती ताण आहे ते सांगतो. बातम्यांमध्ये दिसणारी लाल, पिवळी, निळी चित्रं ही त्याच उत्तराची रंगवलेली आवृत्ती.

या पद्धतीचं बीज गणितज्ञ रिचर्ड कुरांट यांच्या १९४३ च्या लेखात दिसतं. १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांनी ती विमानांच्या रचनेसाठी मांडली. फायनाइट एलिमेंट हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये वापरलं. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकून अमेरिकेत गेलेले चंद्रकांत देसाई यांनी जॉन एबल यांच्यासोबत १९७२ मध्ये लिहिलेलं पुस्तक या विषयाच्या सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकांपैकी एक आहे. देसाई यांचं पुढचं काम मुख्यतः माती आणि खडकांवर झालं.

लायब्ररी आणि तयार सॉफ्टवेअर यांत फरक काय?

तयार सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही पूल काढता, बटण दाबता, उत्तर येतं. आत काय झालं हे दिसत नाही आणि लायसन्सचे पैसे मोजावे लागतात.

लायब्ररी म्हणजे तपासून ठेवलेल्या सुट्या भागांचं कपाट. जाळी तयार करणं, ती बारीक करणं, समीकरणं जुळवणं, ती सोडवणं, उत्तर फाइलमध्ये लिहिणं, यातलं प्रत्येक काम करणारा भाग त्यात असतो. ते भाग जोडून प्रोग्रॅम लिहायचं काम तुमचं. डील-टू सी प्लस प्लस भाषेत लिहिलेली आहे, त्यामुळे ती भाषा यावी लागते. मेहनत जास्त, पण मोबदल्यात दोन गोष्टी मिळतात. तयार सॉफ्टवेअरमध्ये नसलेला प्रश्न सोडवता येतो. आणि उत्तर चुकलं तर का चुकलं, हे ओळीपर्यंत जाऊन शोधता येतं.

डील-टूची सुरुवात १९९० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात झाली. वोल्फगांग बांगर्थ, राल्फ हार्टमान आणि ग्विडो कान्शात हे तिचे मूळ लेखक. सर्वांसाठी खुली आवृत्ती २००० मध्ये आली. २००७ मध्ये तिघांना संगणकीय सॉफ्टवेअरसाठीचा विल्किन्सन पुरस्कार मिळाला. आता ती कोणा एका विद्यापीठाची राहिलेली नाही. वेगवेगळ्या देशांतले लोक त्यात भर घालतात आणि साधारण दर वर्षी नवी आवृत्ती येते.

जाळी किती बारीक असावी? फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहा

नवे बदल समजून घ्यायचे तर हा प्रश्न आधी समजला पाहिजे. फायनाइट एलिमेंटचं उत्तर नेहमी अंदाजे असतं. प्रश्न असा की अंदाज किती चुकला, हे कळतं का?

एक साधा प्रयोग करा. वर्तुळाच्या आत सारख्या बाजूंचा बहुभुज काढा. त्याच्या परिमितीला वर्तुळाच्या व्यासाने भागलं की पायची अंदाजे किंमत मिळते. पायची खरी किंमत ३.१४१५९ आहे.

- ६ बाजू: उत्तर ३.००००, चूक ०.१४१६
- १२ बाजू: उत्तर ३.१०५८, चूक ०.०३५८
- २४ बाजू: उत्तर ३.१३२६, चूक ०.००९०
- ४८ बाजू: उत्तर ३.१३९४, चूक ०.००२२

बाजू दुप्पट केल्या की चूक जवळपास चौपट कमी होते. हाच हिशेब फायनाइट एलिमेंटला लागू होतो. साध्या तुकड्यांची जाळी दुप्पट बारीक केली की चूक ठरावीक प्रमाणात उतरली पाहिजे. उतरत नसेल तर दोनच शक्यता: प्रोग्रॅममध्ये चूक आहे, किंवा त्या जागी असं काही आहे जे या जाळीला दिसतच नाही.

आणि एकाच जाळीवर थांबलात तर? एक आकडा मिळतो. तो बरोबर की चूक, हे त्या आकड्याकडे पाहून कधीच कळत नाही. चित्र मात्र तितकंच सुंदर दिसतं.

नॉर्वेतला प्लॅटफॉर्म: एका जाळीची किंमत

२३ ऑगस्ट १९९१. नॉर्वेत स्टाव्हांगरजवळच्या खाडीत स्लाइप्नर-ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया पाण्यात हळूहळू बुडवून तपासला जात होता. एक भिंत फुटली, पाणी आत शिरलं आणि पूर्ण पाया तळाशी जाऊन चक्काचूर झाला. माणसं वाचली. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर.

चौकशीत दिसलं की काँक्रीटचे गोल कक्ष जिथे एकमेकांना मिळत होते, त्या तिकोनी जागेचं फायनाइट एलिमेंट गणित ढोबळ होतं. भिंतीला कातरणारा जोर सुमारे ४७ टक्के कमी दाखवला गेला. त्या कमी आकड्यावर भिंतीचं डिझाइन झालं आणि ती कमजोर राहिली. अपघातानंतर नीट जाळी घेऊन गणित केलं तेव्हा पाया ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात तो सुमारे ६५ मीटरवर फुटला होता.

पद्धत चुकली नव्हती. जिथे बारीक पाहायला हवं होतं, तिथे जाळी जाड होती.

मग सगळीकडेच बारीक जाळी का नाही घ्यायची?

कारण कॉम्प्युटर पुरत नाही. अटल सेतूच्या समुद्रावरच्या काही गाळ्यांमध्ये ऑर्थोट्रॉपिक स्टील डेक आहे. म्हणजे पोलादी पत्रा, त्याखाली वेल्डिंगने जोडलेल्या लांब पट्ट्या आणि वर रस्त्याचा थर. काँक्रीटपेक्षा हलकं असल्याने गाळा लांब ठेवता येतो. इथला सर्वांत लांब गाळा १८० मीटरचा आहे.

या प्रकारच्या डेकचं दुखणं वेल्डिंगच्या जोडांवर असतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसं ट्रकच्या प्रत्येक चाकाने तो जोड किंचित वाकतो. वर्षानुवर्षांनी तिथे बारीक भेग पडू शकते. ब्रिटनमधला सेव्हर्न पूल १९६६ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या डेकच्या वेल्डिंगमध्ये काही वर्षांतच भेगा सापडल्या. त्यानंतर जगभर या जोडांचं गणित जास्त बारकाईने होऊ लागलं.

आता हिशेब करा. १८० मीटर लांब आणि समजा १५ मीटर रुंद पत्रा. १० सेंटिमीटरचे चौकोन पाडले तर २ लाख ७० हजार तुकडे. पण वेल्डिंगजवळचा ताण पाहायला १ सेंटिमीटरही जाड पडतो, आणि सगळीकडे १ सेंटिमीटर घेतला तर तुकडे होतात २ कोटी ७० लाख. हा नुसता वरचा पत्रा झाला. जाडीसकट ठोकळे घेतले तर प्रत्येक वेळी दुप्पट बारीक करताना तुकडे आठपट होतात.

यावर उपाय मोजणीदाराचाच: बांध वळतो तिथे लहान त्रिकोण, सरळ जागी मोठा. डील-टू पहिल्यापासून याच कामासाठी ओळखली जाते. आधी जाड जाळीवर उत्तर काढायचं. मग प्रत्येक तुकड्यात चूक किती असावी याचा अंदाज घ्यायचा. जिथे अंदाज मोठा, तेवढेच तुकडे मोडायचे आणि पुन्हा सोडवायचं. चुकीचा अंदाज काढायची डील-टूमधली सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत केली आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली आहे. कुठे बारीक पाहायचं हे माणसाच्या अंदाजावर न सोडता गणितच दाखवतं.

आवृत्ती ९.० ते ९.६: नवं काय आलं?

२०१८ ते २०२४ या काळात आलेल्या आवृत्त्यांमधले सामान्य वाचकाला समजून घेण्यासारखे बदल हे.

*१. सूत्रांची उतरण आपोआप काढणं (९.० आणि ९.१, २०१८-१९).* पोलाद थोडं वाकवलं की परत येतं. खाडीची माती तशी नाही. दाबली की दबते, सोडली तरी पूर्ण वर येत नाही. अशा पदार्थाची समीकरणं एका फेरीत सुटत नाहीत. प्रत्येक फेरीत सूत्राचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्याची उतरण, लागते. पूर्वी ही डेरिव्हेटिव्ह वहीत काढून प्रोग्रॅममध्ये लिहावी लागत. तीन-चार पानांच्या गणितात एक वजाचं चिन्ह हुकलं की पूर्ण प्रोग्रॅम अडकतो, आणि ती चूक शोधण्यात आठवडे जातात. ९.० मध्ये डेरिव्हेटिव्ह आपोआप काढणाऱ्या ॲडॉल-सी आणि सकाडो या साधनांशी जोड आला. ९.१ मध्ये सिमइंजिनमुळे सूत्रं अक्षरी रूपात मांडून सोडवता येऊ लागली. मातीचं नवं मॉडेल तपासणाऱ्या संशोधकासाठी हा मोठा दिलासा आहे.

*२. कण (९.०, २०१८).* जाळीसोबत सुटे कणही हलवता येऊ लागले. प्रवाहाबरोबर वाहणारा गाळ किंवा एखाद्या पदार्थाचा माग ठेवायचा असेल तर हे उपयोगी पडतं.

*३. जाळीची वाटणी (९.२, २०२०).* मोठी जाळी अनेक प्रोसेसरवर वाटून देणं डील-टूला आधीपासून जमत होतं. पण आधीच्या पद्धतीत जाड मूळ जाळीची पूर्ण प्रत प्रत्येक प्रोसेसरकडे असायची. मूळ जाळीच प्रचंड असेल तर मेमरी तिथेच संपायची. ९.२ मध्ये आलेल्या नव्या प्रकारात प्रत्येकाकडे आपला हिस्सा आणि शेजारची किनार एवढंच राहतं. सातबाऱ्याचं पूर्ण दप्तर प्रत्येकाच्या घरी न ठेवता ज्याचा त्याला उतारा द्यावा, तसं.

*४. त्रिकोण आणि चतुष्फलक (९.३, २०२१).* हा बदल अनेकांना हवा होता. तोपर्यंत डील-टू फक्त चौकोनी आणि ठोकळ्यासारखे तुकडे घेत असे. ठोकळे गणिताला चांगले, पण गुंतागुंतीच्या आकारात नीट बसवणं अवघड. पुलाच्या खांबाचं डोकं, बेअरिंगची जागा, नट-बोल्टची पट्टी अशा आकारांत जाळी काढणारी बहुतेक साधनं त्रिकोणीच तुकडे देतात. ९.३ पासून त्रिकोण, चतुष्फलक आणि मिश्र जाळी घेण्याची सोय प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि पुढच्या आवृत्त्यांत ती वाढत गेली.

*५. जाळी न जुळवता गणित (९.४, २०२२).* वस्तूचा आकार सतत बदलत असेल, उदाहरणार्थ भेग वाढते आहे किंवा पाण्याची कड सरकते आहे, तर दर वेळी नवी जाळी काढणं जिकिरीचं होतं. कट-फेम पद्धतीत जाळी तशीच राहते आणि वस्तूची कड तिला कापत जाते. कापल्या गेलेल्या तुकड्यांचं गणित नीट करणारी साधनं या आवृत्तीत आली.

*६. ग्राफिक्स कार्डवर चालणं (९.५, २०२३).* गेम खेळायला वापरतात ती ग्राफिक्स कार्डं असं गणित वेगाने करतात. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांसाठी वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागे. ९.० मध्ये एका कंपनीच्या कार्डांसाठी सोय आली होती. ९.५ मध्ये कोक्कॉस ही लायब्ररी आत घेतल्याने एकच प्रोग्रॅम निरनिराळ्या कार्डांवर चालवण्याचा रस्ता खुला झाला.

*७. लायसन्स (९.६, २०२४).* डील-टू आधीही मोफत आणि खुली होती, एलजीपीएल या परवान्याखाली. ९.६ पासून त्याला अपाचे परवान्याचा पर्यायही जोडला गेला. अपाचेच्या अटी कंपन्यांना जास्त सोयीच्या असतात. लहान सल्लागार फर्मला डील-टूवर स्वतःचं साधन बनवून विकायचं असेल तर वाट आधीपेक्षा सोपी झाली.

खचणाऱ्या जमिनीचं गणित वेगळं का?

जून २०२४ मध्ये अटल सेतूला तडे गेल्याचे फोटो सोशल मीडियावर फिरले होते. ते तडे उलव्याहून मुंबईकडे चढणाऱ्या जोडरस्त्याच्या डांबरात होते, मुख्य पुलाच्या रचनेत नव्हते, असं एमएमआरडीएने तेव्हा सांगितलं. पूल आणि जोडरस्ता यांतला फरक समजायला या भागातली जमीन पाहावी लागते.

खाडीकाठची माती मऊ चिकण असते आणि तिच्यात पाणी भरलेलं असतं. वर भराव टाकला की सुरुवातीला वजन पाणीच पेलतं. मग ते पाणी बारीक छिद्रांतून हळूहळू बाहेर निघतं आणि माती दबत जाते. हे कित्येक वर्षं चालू शकतं. म्हणूनच अशा ठिकाणी भराव टाकण्याआधी उभ्या निचरा-पट्ट्या जमिनीत पुरण्याची रीत आहे, म्हणजे पाणी लवकर निघतं. पुलाचे खांब मात्र खोल, घट्ट थरावर टेकलेले असतात. एक बाजू जागेवर, दुसरी दबणारी. दोन्ही जिथे भेटतात तिथे फरक पडण्याचा धोका सर्वांत जास्त.

या गणिताचा पाया कार्ल टर्झागी यांनी १९२५ मध्ये आणि मॉरिस बियो यांनी १९४१ मध्ये घातला. त्यात मातीचं दबणं आणि पाण्याचं वाहणं एकत्र सोडवावं लागतं, तेही काळाच्या प्रत्येक टप्प्यावर. दोन प्रकारची समीकरणं एकाच जाळीवर जोडणं हे डील-टूचं नेहमीचं काम आहे. माती वाकडी वागते म्हणून वरचा पहिला बदलही इथे थेट उपयोगी पडतो.

डील-टू प्रत्यक्षात कुठे वापरतात?

पृथ्वीच्या पोटातला खडक लाखो वर्षांत कसा सरकतो हे मांडणारा ॲस्पेक्ट हा प्रोग्रॅम डील-टूवर उभा आहे. इटलीत मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये तयार झालेला लाइफ-एक्स हृदयाच्या धडधडीचं गणित करतो.

भारताशी जोडलेलं उदाहरण डीएफटी-एफई या प्रोग्रॅमचं. धातूंमधल्या अणूंचं गणित करणारा हा प्रोग्रॅम डील-टूचे भाग वापरतो. मिशिगन विद्यापीठातले विक्रम गविनी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले फणी मोटामर्री यांचा समावेश असलेल्या चमूला २०२३ चा गॉर्डन बेल पुरस्कार मिळाला. सुपरकॉम्प्युटिंगमधला हा सर्वांत मानाचा पुरस्कार. ते गणित अमेरिकेतल्या फ्रंटियर या सुपरकॉम्प्युटरवर झालं.

या लायब्ररीला काय जमत नाही?

डील-टू आत घातलेल्या माहितीवर चालते. लोखंड किती गंजलं, वेल्डिंग नीट झालं का, सिमेंट पुरेसं होतं का, हे तिला कोणीतरी मोजून सांगावं लागतं. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि लोकांचे जीव गेले. त्याआधी झालेल्या तपासणीत त्याला किरकोळ दुरुस्तीच्या वर्गात टाकलं होतं. लोखंडाची खरी अवस्था नोंदलीच गेली नाही तर त्या नोंदींवर केलेलं कितीही बारीक गणित तेच चुकीचं उत्तर नेमकेपणाने देईल.

दुसरी मर्यादा माणसाची. टेकू कुठे आहे, वजन कुठे येतं, कोणता जोड हलू शकतो, या अटी माणूस ठरवतो. त्या चुकल्या तर जाळी बारीक केल्याने काही सुधारत नाही. म्हणूनच महत्त्वाच्या बांधकामाचं डिझाइन स्वतंत्र तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घेतात, पुलावर प्रत्यक्ष वजन ठेवून चाचणी करतात आणि नंतरही मोजमाप चालू ठेवतात.

शिकायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?

पनवेल, खारघर, नेरूळच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या सिव्हिल किंवा मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला हे साध्या लॅपटॉपवर सुरू करता येतं.

- सी प्लस प्लसची ओळख आधी करून घ्या. त्याशिवाय पुढे गाडी सरकत नाही.
- लिनक्स असेल तर उत्तम. विंडोजवर त्याच्या आतल्या लिनक्स सोयीतून डील-टू बसवता येते.
- डील-टूसोबत ऐंशीहून जास्त धडे मोफत मिळतात. त्यांना स्टेप म्हणतात. स्टेप-१ ते स्टेप-६ क्रमाने करा. स्टेप-६ मध्ये जाळी आपोआप बारीक करणं येतं. स्टेप-७ मध्ये चूक कशी उतरते त्याचा तक्ता काढायला शिकवतात, म्हणजे वर पायवर केला तोच प्रयोग.
- बांगर्थ यांची व्याख्यानं व्हिडिओ स्वरूपात मोफत आहेत.

सी प्लस प्लस नको असेल तर पर्याय आहेत. फेनिक्स पायथनमधून वापरता येते. फ्रीफेमची स्वतःची छोटी भाषा आहे. कॅल्क्युलिक्स हे बऱ्यापैकी तयार सॉफ्टवेअर आहे. पोलादी जोड आणि तुळया भारतीय मानक आयएस ८०० प्रमाणे तपासायच्या असतील तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ओस्डॅग मोफत मिळतं. ते फायनाइट एलिमेंटची लायब्ररी नव्हे, पण विद्यार्थ्याच्या रोजच्या कामाचं आहे. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अनेक मोफत सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही आहेत.

रंगीत चित्राचा फॉरवर्ड आला तर काय विचाराल?

पूल, धरण किंवा इमारत "कॉम्प्युटरवर तपासली, एकदम सुरक्षित" किंवा "कॉम्प्युटरने सांगितलं, पडणारच" असा मेसेज रंगीत चित्रासह आला, तर हे चार प्रश्न पुरे आहेत.

१. जाळी किती वेळा बारीक करून पाहिली? आकडा स्थिरावला का?
२. आत घातलेली माहिती मोजलेली होती की गृहीत धरलेली?
३. दुसऱ्या कोणी, वेगळ्या प्रोग्रॅमने तेच गणित केलं का?
४. प्रत्यक्ष मोजमापाशी उत्तर जुळवून पाहिलं का?

या प्रश्नांची उत्तरं द्यायला इंजिनिअर असावं लागतं, विचारायला नाही. डील-टूसारख्या खुल्या लायब्ररीमुळे उत्तर तपासणाऱ्यांची संख्या वाढू शकते. ज्यांच्या गावावरून पूल जातो, त्या गावातली इंजिनिअर झालेली मुलं-मुलीही आता त्यात असू शकतात.